पणजोबांचं चांदीचं पदक

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आई दोनदा येऊन "आता झोपा" असं बजावून गेली होती. बाबा मात्र जेवणाच्या टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मी चार दिवसांच्या सुट्टीवर घरी, महाराजपुरला आले होते. मला वाटलं, परदेशात कुठेतरी क्रिकेटचा सामना चालू असेल.

"चार मिनिटं राहिली," बाबा स्वतःशीच पुटपुटले. मग थोड्या वेळानं, "अरे, हा कोण मध्येच घुसला?" आणि शेवटी टेबलावर थाप मारून, "सात हजार चारशे! मिळालं!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय मिळालं?"

"पदक. आप्पांचं पदक."

आई काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. कारण आप्पांचं पदक १९८० सालीच वितळलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

आप्पा म्हणजे बाबांचे आजोबा, माझे पणजोबा. मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्या महायुद्धात पलटणीतून गेले आणि धडधाकट परत आले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातून ४६ जण गेले होते, तिथे त्याचं स्मारक आहे. आप्पांच्या नावाचं स्मारक कुठेच नाही. होतं ते एक चांदीचं पदक. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जबलपूरला खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला लागले आणि म्हातारपणी आप्पाही त्यांच्याकडे राहायला आले. त्यांच्याबरोबर एक ट्रंक आली आणि ट्रंकेत ते पदक. बाबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. दसऱ्याला शस्त्रपूजेत विळी, हातोडा यांच्याबरोबर ते पदक पाटावर मांडलं जायचं आणि त्यावर झेंडूचं फूल वाहिलं जायचं, एवढं त्यांना आठवतं.

१९८० साली आत्याचं लग्न ठरलं. नेमकं त्या वर्षी चांदीला कधी नव्हे एवढा भाव आला होता. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीची प्रचंड साठेबाजी केली होती आणि जानेवारीत जगाच्या बाजारात चांदी औंसाला जवळजवळ पन्नास डॉलरवर जाऊन पोचली होती. मार्चअखेर तो भाव कोसळला. पण तेवढ्या काळात खुद्द इंग्लंडमध्येसुद्धा लोकांनी बापजाद्यांची चांदीची पदकं वजनावर विकून टाकली. मग लग्नाच्या खर्चानं मेटाकुटीला आलेल्या आमच्या आजोबांनी काय वेगळं केलं? त्यांनी ट्रंकेतलं पदक आणि दोन जुनी तोडकी वाळी रुमालात बांधली आणि सराफाला नेऊन दिली. त्यातून आत्याचे पैंजण झाले.

बाबा तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, व्हेइकल फॅक्टरीत नोकरी करत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. दसऱ्याला पाटावर पदक दिसलं नाही, तेव्हा त्यांना कळलं. त्यावर ते एक शब्दही बोलले नाहीत.

आणि आता पंचेचाळीस वर्षांनी ते रात्री जागून पदक विकत घेत होते.

तीन प्रकारची पदकं

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी मला सगळं समजावून सांगितलं. ते तीन महिने या गोष्टीच्या मागे होते आणि त्यांचा अभ्यास पाहून मी थक्क झाले.

आप्पांचं पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. १९१९ साली मंजूर झालेलं. एका बाजूला राजा पाचव्या जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा योद्धा, म्हणजे त्यांचा सेंट जॉर्ज, आणि १९१४ व १९१८ ही सालं. व्यास ३६ मिलिमीटर, वजन एक औंसाच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानं तीन तोळ्यांना थोडं कमी. फीत नारिंगी रंगाची, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे, काळे आणि निळे पट्टे. लाखो सैनिकांना ते मिळालं, त्यामुळे पदक म्हणून ते दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती त्याची कड. प्रत्येक पदकाच्या जाड कडेवर त्या सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण यंत्रानं ठसवलेली असायची. पदकं लाखो असली, तरी एका नावाचं पदक एकच.

आंतरजालावरच्या लिलावात अशी पदकं तीन तऱ्हेची येतात, असं बाबा म्हणाले. पहिलं अस्सल, त्याच्या मूळ नावासकट. दुसरंही अस्सलच, पण कडेवरचं नाव घासून काढलेलं किंवा घासून त्या जागी दुसरंच नाव कोरलेलं. अशा पदकाची कड किंचित बारीक झालेली असते, हाताला खोलगट लागते आणि जाणकार त्याला फारशी किंमत देत नाहीत. तिसरं म्हणजे नवी प्रतिकृती. आजकालच्या कारखान्यात चांदीत पाडलेली, कड कोरी.

"मग तुम्ही पहिलं का नाही घेतलं?" मी विचारलं. "अस्सल मिळत होतं ना?"

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मिळत होतं. मराठा पलटणीतल्याच एका शिपायाचं होतं. मी दोन दिवस त्याचा फोटो बघत होतो. पण अगं, तोसुद्धा कुणाचातरी आप्पा असेल ना? त्याच्या घरच्यांनी कुठल्या अडचणीत ते विकलं असेल, कोण जाणे. त्याचं नाव आपल्या भिंतीवर टांगून आपण काय म्हणायचं? हे आमचे पणजोबा?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजवर मी समजत होते की अस्सल ते चांगलं आणि नक्कल ती हलकी. पण दुसऱ्याच्या पणजोबांचं अस्सल पदक आपल्या घरात खोटं ठरलं असतं आणि कारखान्यात पाडलेलं कोरं पदक निदान कुणाच्या जागी जाऊन बसत नव्हतं.

सीताबर्डीची पट्टी

त्याच विक्रेत्याकडे आणखी एक प्रतिकृती लिलावात होती आणि बाबा तिच्यातही गुंतले होते. ती आर्मी ऑफ इंडिया मेडलची. हे पदक ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चानं दिलं गेलं. लढाया १८०३ ते १८२६ या काळातल्या, पण पदक मंजूर झालं १८५१ साली. म्हणजे लढाई होऊन कुठे पंचवीस, कुठे जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर. तेही त्या वेळी जे हयात होते त्यांनाच. साहजिकच मूळ पदकं फार थोडी आहेत, त्यांच्या किमती आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहेत आणि म्हणूनच त्यांच्या नकला भरपूर निघतात.

या पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची चांदीची आडवी पट्टी लावलेली असते. अशा एकूण एकवीस पट्ट्या होत्या आणि त्यांवरची नावं मराठी माणसानं वाचावीत. असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. इंग्रजांच्या विजयाची ती यादी आहे आणि बहुतेक ठिकाणी समोर मराठी फौजा उभ्या होत्या. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची, नागपूरची १६ डिसेंबरची आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, १९ डिसेंबर १८१७ ला, इंग्रजांनी जबलपूर घेतलं. त्याआधी आमचं हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. गंमत अशी की जबलपूरच्या नावाची पट्टी मात्र नाही.

"घेऊ का?" बाबांनी विचारलं. "इतिहास आहे हा."

"आपण हरलो त्याचं पदक?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तेही सात हजारांना?"

ती बोली बाबांनी लावली नाही. पण आईचं ते वाक्य ऐकून ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "आप्पा तरी कुणाच्या राज्यासाठी लढले? पदकावर राजा त्यांचाच आहे. पण उन्हातान्हात चालले ते आप्पा."

कडेवर नाव घालायचं का?

पार्सल यायच्या आधी विक्रेत्याचा निरोप आला. पाचशे रुपये जादा दिले, तर कडेवर हवं ते नाव 'जुन्या पद्धतीच्या अक्षरांत' ठसवून मिळेल.

बाबांचे डोळे चमकले. त्यांच्या मनात हेच तर होतं. मी मात्र नको म्हणाले आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

"माझ्या आजोबांचं नाव, माझ्या पैशानं घालतोय. फसवतोय कुणाला मी?"

"आज कुणालाच नाही," मी म्हणाले. "पण अजून साठ वर्षांनी तुमच्या नातवाच्या मुलाच्या हातात हे पदक येईल. चांदी काळी पडलेली, अक्षरं जुन्या पद्धतीची. तो म्हणेल, हे आमच्या खापरपणजोबांचं अस्सल पदक. त्याला कोण सांगणार? आणि त्यानं ते विकायला काढलं तर घेणाऱ्याला कोण सांगणार?"

"तू वर्तमानपत्री माणूस. तुला सगळीकडे भानगड दिसते," असं म्हणून बाबा उठून गेले. पण त्यांनी विक्रेत्याला पाचशे रुपये पाठवले नाहीत, हे मला नंतर आईकडून कळलं.

या बाबतीत अमेरिकेत १९७३ पासून एक कायदा आहे. तिथे जुन्या नाण्यांच्या नकलेवर 'कॉपी' असा शब्द उमटवावा लागतो. विकणारा उद्या मरेल, घेणारा परवा विसरेल, पण धातूवर उमटलेला शब्द राहतो, हा त्यामागचा व्यवहार. आपल्याकडे लिलावाच्या वर्णनात 'रिप्रॉडक्शन', 'कॉपी', 'रीस्ट्राइक' असे शब्द असतात, पण पुष्कळदा ते वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात. 'रीस्ट्राइक' म्हणजे जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा पाडलेलं. 'संग्रहालयाच्या दर्जाचं' असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ते संग्रहालयातलं आहे असा मुळीच नाही. बोली लावण्याआधी वर्णन शेवटपर्यंत वाचावं, कडेचा फोटो मागून घ्यावा आणि आपली शेवटची रक्कम कागदावर लिहून ठेवावी. बाबांनी सहा हजार लिहिले होते. शेवटच्या चार मिनिटांत ते चौदाशेनं पुढे गेले. लिलाव माणसाला असाच पुढे ओढतो.

पाण्यातलं वजन

पार्सल जुलैत आलं, पाठोपाठ दादानं फोटो पाठवले. निळ्या मखमली डबीत पदक चमकत होतं, जरा जास्तच चमकत होतं. आईचा पहिला प्रश्न सरळ होता, "चांदी तरी खरी आहे का?"

त्याची परीक्षा माझ्या भाच्यानं केली. तो दहावीत आहे. त्याची पद्धत कुणालाही घरी करता येईल म्हणून सांगते. एका दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्यायचा. आधी पदकाचं वजन करायचं. ते भरलं ३१.१ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. पदक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. आता काटा जो आकडा दाखवतो, तो पदकानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा. तो आला ३.० ग्रॅम. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की १०.३७ येतात. शुद्ध चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड असते, ९२.५ टक्क्यांची चांदी किंचित कमी. जर्मन सिल्व्हर किंवा चांदीचा मुलामा दिलेलं पितळ असतं, तर आकडा साडेआठ-पावणेनऊच्या आसपास आला असता.

आर्किमिडीजवर विश्वास असला, तरी बाबांनी पदक बडा फुहाऱ्याजवळच्या सराफ्यातही नेऊन दाखवलं. तिथल्या म्हाताऱ्या सराफानं ते भिंगाखाली धरलं आणि सांगितलं, "चाँदी सही है, मगर माल नया है, बाबूजी." अक्षरांच्या कडा धारदार होत्या, कुठे बुडबुड्यांची बारीक छिद्रं नव्हती, म्हणजे हे ओतीव नसून ठशानं पाडलेलं होतं. ओतीव नक्कल मूळ पदकावरून साचा घेऊन करतात आणि धातू थंड होताना आकसतो, म्हणून ती मुळाहून जराशी लहान भरते, हेही त्यानंच सांगितलं. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला होता. त्या हिशेबानं आमच्या पदकात तीन-सव्वातीन हजारांची चांदी होती.

"बाकीचे चार हजार कशाचे?" आईनं विचारलं.

"घडणावळ," बाबा म्हणाले.

भाच्यानं एकदा ते पदक शर्टाला लावून आरशात पाहिलं. बाबांनी लगेच काढायला लावलं. "हे छातीवर मिरवायचं नसतं. ज्यानं कमावलं त्यानंच लावायचं."

राखीचा दिवस

राखीला, ९ ऑगस्टला, आत्या नागपूरहून आली. मीही आले होते. आमच्याकडे भाऊबीज तर असतेच, पण जबलपूरच्या वाऱ्यानं राखीही तेवढीच मोठी झाली आहे. ओवाळून झालं, पेढा देऊन झाला आणि बाबांनी मोठ्या हौसेनं ती निळी डबी आत्यापुढे उघडली.

आत्यानं पदक हातात घेतलं नाही. नुसतं पाहिलं. मग "छान आहे" म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहून, कुणी सांगितलं नसताना, काकड्या चोचवायला लागली.

बाबा तिच्यामागून गेले. मी दारातच उभी होते.

"बेबी, काय झालं?"

"काही नाही, दादा." मग थोड्या वेळानं, पाठ फिरवलेलीच ठेवून, "पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हाच एकदा बोलला असतास तर बरं झालं असतं."

"तुला कोण काय बोललं?"

"बोलायचं काय राहिलं आता? पदक विकत आणलंस, त्यात सगळं आलं."

मी बाबांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. तीन महिने रात्री जागताना त्यांच्या मनात आप्पा होते, दसऱ्याचा पाट होता, झेंडूचं फूल होतं. ते पदक आणलं की आपल्या बहिणीच्या पायातल्या पैंजणांवर बोट ठेवल्यासारखं होईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आणि आत्या मात्र लग्नाच्या दिवसापासून ते ओझं घेऊन वावरत होती. आपल्यासाठी घरातली एक पवित्र वस्तू मोडली गेली, दादानं ते मनात ठेवलं, म्हणूनच तो कधी काही बोलला नाही, असा तिचा ग्रह झाला होता. एक बोलत नव्हता आणि दुसरी त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसली होती.

बाबा स्टुलावर बसले. "मला राग आला होता," ते म्हणाले. "पण तुझा नाही. अण्णांचा. मला सांगितलं असतं तर मी सोसायटीचं कर्ज काढलं असतं. मी कमावता होतो. मला विचारलंसुद्धा नाही, याचा राग."

"त्यांना तुझ्यापुढे हात पसरायला लाज वाटली असेल," आत्या म्हणाली.

"असेल. हे मला आज कळतंय."

मग कितीतरी वेळ दोघं काही बोलले नाहीत. आत्यानं सुरी खाली ठेवली. "ते पैंजण अजून आहेत माझ्याकडे. चार-पाच वर्षं घातले असतील. म्हण तर दिवाळीला आणते, मोडून..."

"नको," बाबा म्हणाले. "एकदा मोडलं तेवढं पुरे."

आणि मग आत्यानं सहज विचारलं, "पण दादा, ते दुसरं पितळी पदक कुठंय? आप्पा मला मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून माझं बोट फिरवायचे. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण म्हणायचे, इथून इथपर्यंत मी आहे."

स्क्रूच्या डब्यात

दुसरं पदक! त्याला घरात कुणी पदक म्हणतच नव्हतं. 'तो पितळी बिल्ला' म्हणायचे. ते होतं व्हिक्टरी मेडल. पंख असलेल्या विजयादेवीचं, ब्राँझचं. पहिल्या महायुद्धात ही दोन पदकं बहुधा जोडीनंच मिळत आणि दोन्हींच्या कडेवर नाव असे. चांदीचं होतं म्हणून एक मुशीत गेलं. ब्राँझच्याला सराफाकडे भाव नव्हता, म्हणून दुसरं उरलं.

बाबांना आठवेना. मग आठवलं. खमरियाचं क्वार्टर सोडून महाराजपुरच्या या घरात सामान हलवताना त्यांनीच ते हत्यारांच्या पेटीत टाकलं होतं. दादानं गच्चीवरच्या खोलीतून पेटी खाली आणली. स्क्रू, वायसर आणि गंजके खिळे यांनी भरलेल्या बिस्किटाच्या डब्याच्या तळाशी ते सापडलं. फीत कधीच कुजून गेली होती. वर तेल आणि धुळीचा थर.

बाबा ते घासायला निघाले, मी थांबवलं. जुनं पदक ब्रासो, चिंच, राख यांनी कधी घासू नये, अक्षरं झिजतात. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ कापडानं टिपलं, तेवढं पुरलं. मग भाच्यानं मोबाईलचा कॅमेरा कडेवर धरून अक्षरं मोठी केली. आधी एक क्रमांक. मग शिपाई हा हुद्दा. मग आप्पांचं नाव, आजच्या पद्धतीहून वेगळ्या इंग्रजी वर्तनीत. आणि शेवटी ११४ वी मराठा.

आप्पा आयुष्यभर लढाईविषयी 'बसऱ्याला होतो' एवढंच सांगत. कडेवरच्या त्या तीन आकड्यांमुळे पुढचा माग लागला. ११४ वी मराठा ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर तैग्रिस नदीकाठी शरकतला जी शेवटची मोठी लढाई झाली, त्यात ती लढली. पुढे १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावची प्रशिक्षण बटालियन झाली. आप्पा शरकतला होते की नाही, ते पदक सांगत नाही. पण नकाशात बोट कुठे ठेवायचं, ते त्यानं आम्हाला सांगितलं. चांदीचं नवं पदक कितीही चमकलं, तरी त्याच्या कोऱ्या कडेवरून हे कळणार नव्हतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. "आणि मी हे स्क्रूच्या डब्यात टाकलं होतं," ते म्हणाले. आत्या हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली. "अण्णांनी मोडलं, तू टाकलंस. फिटंफाट."

आता आमच्या बैठकीच्या खोलीत एक चौकट लागली आहे. डावीकडे चांदीचं, उजवीकडे ब्राँझचं. सराफ्यातल्या त्याच म्हाताऱ्याकडून बाबांनी चांदीच्या पदकाच्या कडेवर दोनच शब्द कोरून घेतले, 'प्रतिकृती २०२५'. देवनागरीत, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको. खाली कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे की मूळ चांदीचं पदक १९८० साली घरच्या मुलीच्या लग्नात कामी आलं. 'कामी आलं' हे शब्द आत्यानं सुचवले. दसऱ्याला चौकट भिंतीवरून उतरवली आणि पाटावर मांडली. फूल आत्यानं वाहिलं, त्यासाठी ती मुद्दाम नागपूरहून आली होती.

तुमच्याही घरात आजोबा-पणजोबांची अशी एखादी वस्तू असेल. बटणांच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, नाहीतर आमच्यासारखी खिळ्यांच्या खाली. विकत आणायला निघण्याआधी घर एकदा नीट धुंडाळा. पदक सापडलं तर त्याची कड उजेडात धरा. अस्सल पदक शंभर वर्षांहून जुनं असेल, तर ते परदेशी पाठवण्याला कायद्याची मनाई असू शकते, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या भूलथापांना बळी पडू नका. आणि हौस म्हणून प्रतिकृती घेतलीत, तर जरूर घ्या, तिच्यात कमीपणा नाही. फक्त ती प्रतिकृती आहे हे तिच्यावरच कोरून ठेवा. आणि घरी आणण्याआधी घरातल्या सगळ्यांशी एकदा बोला.

बाबांच्या मागची साडेसाती मात्र अजून संपलेली नाही. परवा आईचा फोन आला होता. व्हिक्टरी मेडलची इंद्रधनुष्यी फीत त्यांना कुठेतरी लिलावात दिसली आहे. लिलाव रात्री अकरा चाळीसला संपतो.